ऐंशी तास रंगलेला गेम शेवटच्या दहा मिनिटांत का फसतो?

रोल-प्लेइंग गेममध्ये, म्हणजे खेळणारे ज्याला सरसकट आरपीजी म्हणतात त्या प्रकारात, खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो, त्या पात्राचे नाव, रूप आणि स्वभाव ठरवतो आणि मग पन्नास, ऐंशी, कधी शंभराहून अधिक तास त्याच्या नजरेने एका मोठ्या कल्पित जगात वावरतो. कोणाशी मैत्री करायची, कोणाला वाचवायचे, कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा हे तो स्वतः ठरवतो. पावसाळ्यात बाहेर पडण्याची सोय नसते तेव्हा असे गेम आठवडेच्या आठवडे खेळणारी महाविद्यालयीन मुले-मुली आता डिचोलीपासून काणकोणपर्यंत सगळीकडे भेटतात, आणि त्यांच्याशी बोलताना एक तक्रार हमखास ऐकू येते: गेम अप्रतिम होता, पण शेवट वाया गेला. तक्रार खरी आहे. समीक्षकांनी डोक्यावर घेतलेल्या गेमबाबतही ती वर्षानुवर्षे होत आली आहे, आणि लेखकांनी कंटाळा केला एवढे म्हटल्याने तिचे उत्तर मिळत नाही. शेवट फसण्यामागे गणित आहे, कामाचा क्रम आहे, पैसा आहे आणि शेवट म्हणजे काय याविषयीचा एक मूलभूत गैरसमजही आहे. मला हा गैरसमज सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. पुढे काही गेमचे शेवट उघड करावे लागणार आहेत. ज्यांना ते स्वतः खेळून अनुभवायचे आहेत त्यांनी हा लेख नंतर वाचला तरी चालेल.

या विषयावरचे सर्वांत गाजलेले उदाहरण 'मास इफेक्ट ३' हे आहे. कॅनडातल्या बायोवेअर या संस्थेने २००७, २०१० आणि २०१२ अशा तीन वर्षी या मालिकेचे तीन भाग आणले. पहिल्या भागात तुम्ही घेतलेले निर्णय साठवून ठेवलेल्या फाइलमधून दुसऱ्या भागात येतात आणि दुसऱ्यातले तिसऱ्यात. पहिल्या भागात मेलेला सहकारी पुढच्या भागांत परत येत नाही. वाचवलेला माणूस पाच वर्षांनी समोर उभा राहून तुम्हाला ओळखतो. कमांडर शेपर्ड या नायकाला रीपर नावाच्या प्रचंड यंत्रांपासून आकाशगंगेतल्या सगळ्या संस्कृतींना वाचवायचे असते. तिसऱ्या भागात क्वेरियन नावाची माणसासारखी जमात आणि तिनेच घडवलेली गेथ ही यंत्रांची जमात यांच्यातल्या जुन्या वैराचा एक मोठा अध्याय आहे. खेळाडूने आधीच्या भागांत नीट वागून विश्वास कमावला असेल, तर या दोघांत तो समेट घडवू शकतो. नसेल, तर एका जमातीचा डोळ्यांदेखत नाश होतो. हा अध्याय लाखो खेळाडूंच्या मनावर कोरला गेला आहे, आणि तो योग्यच आहे.

मग शेवट येतो. लहान मुलाचे रूप घेतलेली एक कृत्रिम बुद्धी शेपर्डसमोर प्रकट होते आणि सांगते की सजीव आणि यंत्रे यांच्यात शेवटी संघर्ष होणारच, म्हणून रीपर ठरावीक काळाने प्रगत संस्कृतींची कापणी करतात. त्यानंतर ती तीन पर्याय देते: रीपरांचा नाश करणे, त्यांच्यावर ताबा मिळवणे किंवा सगळे सजीव आणि यंत्रे यांचे मीलन घडवणे. तिन्ही पर्यायांनंतर दिसणारी दृश्ये मूळ आवृत्तीत इतकी सारखी होती की मुख्य फरक उरला तो स्फोटाच्या लाल, निळ्या आणि हिरव्या रंगाचा. पण माझ्या दृष्टीने रंगांहून मोठा दोष दुसराच आहे. ज्या खेळाडूने काही तासांपूर्वी क्वेरियन आणि गेथ यांच्यात समेट घडवून आणला आहे, त्याला या मुलापुढे 'सजीव आणि यंत्रे एकत्र राहू शकतात, मी ते आत्ताच करून दाखवले आहे' एवढे एक वाक्यही बोलता येत नव्हते. गेमने खेळाडूची सर्वांत मोठी कामगिरी ऐन वेळी विसरून टाकली होती.

खेळाडूंचा संताप मोठा होता, पण त्याने घेतलेली वाटही लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यांनी आजारी मुलांना खेळणी आणि गेम पुरवणाऱ्या चाइल्ड्स प्ले या धर्मादाय संस्थेसाठी ८०,००० डॉलरहून अधिक निधी जमवला आणि त्याद्वारे आपली नाराजी नोंदवली. बायोवेअरने जून २०१२ मध्ये शेवटाची वाढवलेली आवृत्ती विनामूल्य दिली. तिच्यात त्या मुलाशी अधिक संवाद आला, पुढे कोणाचे काय झाले ते सांगणारी चित्रे आली आणि तिन्ही पर्याय नाकारण्याची सोयही झाली. आधीपेक्षा ती नक्कीच बरी होती. मूळ प्रश्न मात्र तसाच राहिला.

तो प्रश्न नीट पाहायचा तर याच मालिकेच्या दुसऱ्या भागाकडे वळावे लागते. 'मास इफेक्ट २' चा शेवट म्हणजे शत्रूच्या तळावरची एक मोहीम, जिच्यातून कोणी परत येईल याची शाश्वती नसते. या मोहिमेत जवळजवळ प्रत्येक सहकारी जगू शकतो किंवा मरू शकतो, आणि ते कशावर ठरते हे पाहण्यासारखे आहे. तुम्ही त्या सहकाऱ्याचे खासगी काम वेळ काढून केले होते का? जहाजाचे चिलखत आणि तोफा सुधारल्या होत्या का? अरुंद नळीतून जाऊन दार उघडण्याचे काम तुम्ही त्यातल्या जाणकाराला दिले की जो समोर दिसला त्याला? फारच निष्काळजीपणा केला असेल तर खुद्द शेपर्डही मरतो. येथे शेवटच्या क्षणी तत्त्वज्ञानाचा कोणताही नवा प्रश्न विचारला जात नाही. तीस-चाळीस तासांत तुम्ही माणसांना किती ओळखले, एवढेच तपासले जाते. म्हणून त्यात कोणी मेले तरी खेळाडू गेमला दोष देत नाही, स्वतःच्या निर्णयाकडे पाहतो.

दोन्ही शेवट एकाच संस्थेचे आहेत आणि त्यांच्यात दोन वर्षांचे अंतर आहे. दुसरा भाग शेवटाला आधीच्या निवडींचे फळ मानतो. तिसरा भाग शेवटाला आणखी एक निवड मानतो, आणि ती निवड आधीच्या सगळ्यांपासून तुटलेली असते. मघाशी म्हटलेला गैरसमज तो हाच. खेळाडूला स्वातंत्र्य हवे असते हे खरे, म्हणून त्याला अगदी शेवटीही तीन दारे उघडून द्यावीत असे निर्मात्याला वाटते. परंतु तिथे पोहोचेपर्यंत खेळाडूने शेकडो दारे उघडलेली असतात, आणि त्याला आता त्यांच्याविषयी ऐकायचे असते. २०११ मधल्या 'डेअस एक्स: ह्यूमन रेव्होल्यूशन' या अत्यंत देखण्या गेमचा शेवटही असाच आहे. चार पर्यायांतला एक निवडायचा, की त्या पर्यायाचे निवेदन आणि चित्रफीत सुरू होते. शेवटाच्या थोडे आधी गेम साठवून ठेवला तर चारही शेवट एका बैठकीत पाहता येतात, आणि जो शेवट असा एका बैठकीत चारदा बदलता येतो त्याचे वजन खेळाडूच्या मनात उरत नाही.

आता गणिताकडे येऊ, कारण हेतू शुद्ध असला तरी गणित सुटत नाही. समजा, डिचोली तालुक्यातल्या एका खाणपट्ट्यातल्या गावावर आपण मराठीत आरपीजी तयार करत आहोत. खाण बंद आहे, अंगणात ट्रक गंजत उभे आहेत आणि शहरात शिकून परतलेली नायिका गावात पाऊल ठेवते. तिच्यापुढे पहिला प्रश्न आहे: खाण पुन्हा सुरू होण्यासाठी झटायचे की गाळाने बुजलेली शेते मोकळी करायची? दुसरा प्रश्न: कर्जात बुडालेल्या ट्रकमालक काकाला मदत करायची की नाही? तिसरा: धाकट्या भावाला बोटीवर नोकरीला जाऊ द्यायचे की थांबवायचे? प्रत्येक प्रश्नाला दोनच उत्तरे धरली तरी तीन प्रश्नांतून आठ वेगवेगळ्या परिस्थिती निर्माण होतात. दहा प्रश्नांतून १,०२४ होतात आणि वीस प्रश्नांतून १०,४८,५७६. मोठ्या आरपीजीमध्ये लहानमोठे निर्णय वीसपेक्षा कितीतरी अधिक असतात. प्रत्येक परिस्थितीसाठी स्वतंत्र शेवट लिहिणे, त्याचे संवाद कलाकारांकडून ध्वनिमुद्रित करून घेणे, पात्रांच्या हालचाली घडवणे आणि ते सगळे बिनचूक चालते का हे तपासणे जगातल्या कोणत्याही संस्थेला शक्य नाही.

म्हणून कथाकार एक जुनी युक्ती वापरतात. वाटा फुटतात, काही अंतर वेगळ्या चालतात आणि पुन्हा एका ठिकाणी एकत्र येतात. आपल्या गेममध्ये काकाला मदत केली किंवा न केली, तरी चतुर्थीच्या दिवशी सगळे कुटुंब त्याच घरात जमणार; बदलेल ते काकाचे बोलणे आणि त्याच्या शेजारी कोण बसले आहे ते. मधल्या प्रसंगांत ही युक्ती उत्तम चालते, कारण खेळाडूला वाटते की फरकाचा मोठा परिणाम अजून पुढे यायचा आहे. शेवटाला मात्र 'पुढे' नावाची जागाच नसते. आतापर्यंत पुढे ढकललेली सगळी देणी एकदम दारात उभी राहतात. २०११ मधल्या 'ड्रॅगन एज २' मध्ये जादूगार आणि त्यांच्यावर पहारा ठेवणारे योद्धे यांच्यातली एक बाजू निवडण्याचा ताण गेम शेवटपर्यंत वाढवत नेतो, आणि कोणतीही बाजू घेतली तरी अखेरीस दोन्ही बाजूंच्या प्रमुखांशी लढावे लागते. वाटा एकत्र आणण्याची युक्ती तिथे इतकी उघडी पडली की आधीच्या निर्णयांचाही रस त्यामुळे उणावला.

या गणितावर एक साधा उपाय १९९७ मधल्या पहिल्या 'फॉलआउट' मध्ये सापडतो, आणि तो इतका सुंदर आहे की त्यावर थोडे थांबायला हवे. अणुयुद्धानंतरच्या ओसाड प्रदेशात फिरून खेळाडू एकेका वस्तीचे भले-बुरे करत जातो. शेवटी एक निवेदक एकेका वस्तीचे चित्र दाखवत सांगतो की पुढे तिथे काय झाले. प्रत्येक वस्तीचे भवितव्य इतरांपासून वेगळे ठेवलेले असते, आणि इथेच गुणाकाराची बेरीज होते. दहा वस्त्या आणि प्रत्येकीच्या तीन शक्यता धरल्या तर लिहायची असतात फक्त तीस छोटी निवेदने, पण त्यांच्यातून तयार होणारी वेगवेगळी मिश्रणे ५९,०४९ असतात. एक स्थिर चित्र, एक आवाज आणि चार वाक्ये एवढाच खर्च. तरीही खेळाडूला आपला संपूर्ण प्रवास कोणीतरी लक्षात ठेवल्याचे समाधान मिळते. ऑब्सिडियन या संस्थेने २०१० मध्ये 'फॉलआउट: न्यू व्हेगस' साठी हीच पद्धत वापरली. 'बाल्डर्स गेट ३' प्रसिद्ध होण्यापूर्वी त्याच्या शेवटाचे १७,००० प्रकार आहेत असे लॅरियन या संस्थेकडून सांगितले गेले होते. अशी संख्या वाचताना १७,००० स्वतंत्र कथा डोळ्यांसमोर आणायच्या नसतात, लहान लहान तुकड्यांची मिश्रणे मोजलेली असतात.

पहिल्या 'फॉलआउट' च्या शेवटी या चित्रमालिकेनंतरही एक प्रसंग आहे. ज्या भूमिगत वसाहतीला वाचवण्यासाठी नायक बाहेर पडला होता, तिच्या दाराशी तो परत येतो, आणि तिचा प्रमुख त्याला आत घेत नाही. तू आम्हाला वाचवलेस, पण बाहेरच्या जगाने तू बदलला आहेस, तुला पाहून आमची मुलेही निघून जातील, असे सांगून तो त्याला परत पाठवतो. हा शेवट सुखाचा नाही आणि त्यात खेळाडूला फारसे स्वातंत्र्यही नाही. पण तो पहिल्या मिनिटापासून चालत आलेल्या कथेतून सरळ उगवतो. शेवट दुःखी आहे म्हणून खेळाडू रागावतात, हा समज त्यामुळे टिकत नाही.

कामाच्या क्रमाची गोष्ट कमी रम्य आहे, पण फसलेल्या शेवटांचा मोठा वाटा तिच्याकडे जातो. गेम बहुधा सुरुवातीकडून शेवटाकडे घडत जातो. गुंतवणूकदाराला दाखवायचा नमुना, प्रदर्शनात मांडायचा भाग आणि जाहिरातीतली दृश्ये बहुतेक वेळा पहिल्या काही तासांतली असतात, त्यामुळे ते तास पुन्हापुन्हा घासूनपुसून चकचकीत होतात. शेवटाचे काम येते तेव्हा पैसे संपत आलेले असतात आणि प्रकाशनाची तारीख जाहीर झालेली असते. ऑब्सिडियनचा 'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक २' हा गेम डिसेंबर २००४ मध्ये नाताळच्या विक्रीसाठी बाजारात आला, आणि घाईत त्याच्या शेवटच्या भागातले बरेच काही कापले गेले. सोबतचे सहकारी शेवटच्या ग्रहावर कुठे नाहीसे होतात याचा उलगडाच होत नव्हता. गेमच्या फाइलींमध्ये उरलेले संवाद आणि प्रसंग शोधून चाहत्यांनी पुढे अनेक वर्षे खपून ते परत जोडले, आणि आज तो गेम खेळणाऱ्याला जाणकार ती जोडणी आधी घ्यायला सांगतात. त्याआधी १९९८ मध्ये जपानच्या स्क्वेअर या संस्थेच्या 'झेनोगिअर्स' ची दुसरी डिस्क अशीच चर्चेत आली होती. पहिल्या डिस्कवर प्रत्यक्ष खेळायला मिळणारी कथा दुसरीवर बऱ्याच अंशी खुर्चीत बसलेले पात्र तोंडी सांगून मोकळे होते.

'बाल्डर्स गेट ३' सारख्या मोठ्या बळाच्या गेमलाही हा नियम चुकला नाही. त्याचा पहिला अंक ऑक्टोबर २०२० पासून खेळाडूंच्या हाती होता. ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण गेम येईपर्यंत जवळजवळ तीन वर्षे त्यावर लोकांचे अभिप्राय येत राहिले आणि सुधारणा होत राहिल्या. तिसऱ्या अंकाला ती संधी मिळाली नव्हती, आणि दोन्ही अंक सलग खेळणाऱ्याला हा फरक जाणवतो. पहिल्या अंकात एखाद्या खारीशी बोलले तरी तिचे काही म्हणणे असते, आणि तिसऱ्याच्या अखेरीस मात्र इतके दिवस सोबत राहिलेल्या मित्रांचा निरोप प्रकाशनाच्या वेळी काही मिनिटांत आटोपत होता.

यात आर्थिक हिशेबही आहे. स्टीम या विक्रीमंचावर कोणत्या गेमचा कोणता टप्पा किती टक्के लोकांनी गाठला हे कोणालाही पाहता येते, आणि लांबलचक आरपीजी विकत घेणाऱ्यांपैकी शेवटापर्यंत पोहोचणारे बहुधा निम्म्याहून बरेच कमी असतात. पहिला तास सगळे पाहतात. शेवटचा तास थोडेच पाहतात. खर्च कुठे करायचा हे ठरवणाऱ्या व्यवस्थापकाला दोष देणे सोपे आहे, पण त्याच्यासमोरचा आकडा हाच असतो. माझे म्हणणे एवढेच की शेवटापर्यंत जाणारे थोडे लोक हेच त्या गेमविषयी पुढे वर्षानुवर्षे बोलतात, लिहितात, इतरांना तो खेळायला लावतात आणि पुढचा भाग विकत घेतात. त्यांचे वजन संख्येत मोजले जात नाही.

गेमच्या यंत्रणेतूनही एक अडचण येते. चांगल्या आरपीजीत खेळाडू बोलून, लपून, लाच देऊन, अभ्यास करून अडचणी सोडवतो, आणि पात्राचे गुण त्यानुसार वाढवतो. शेवट आला की बरेच गेम हे सगळे बाजूला ठेवून एक प्रचंड शत्रू समोर उभा करतात. २००४ मधल्या 'व्हॅम्पायर: द मास्करेड – ब्लडलाइन्स' मध्ये बोलघेवडे, चतुर पात्र घडवणाऱ्या खेळाडूला उत्तरार्धात लढाईमागून लढाईला तोंड द्यावे लागते, आणि तीस तास ज्या गुणांवर तो जगला त्यांचा उपयोग संपतो. याउलट पहिल्या 'फॉलआउट' मध्ये मास्टर हा मुख्य शत्रू आपण घडवलेल्या बलाढ्य उत्परिवर्तित जमातीच्या हाती मानवजातीचे भविष्य सोपवू पाहत असतो. खेळाडूने तपास करून ती जमात वंध्य असल्याचा पुरावा मिळवला असेल, तर तो मास्टरला त्याची योजना व्यर्थ असल्याचे पटवून देऊ शकतो, आणि ते पटल्यावर मास्टर स्वतःच सर्वनाश ओढवून घेतो. एकही गोळी न झाडता तो सामना संपतो. ज्याने पात्राला बोलता-विचार करता शिकवले त्याला बोलून-विचार करून जिंकता येणे, हा शेवट त्या पात्राचा असल्याचा पुरावा आहे.

याच्या नेमके उलट उदाहरण म्हणून बेथेस्डा या संस्थेच्या २००८ मधल्या 'फॉलआउट ३' चे नाव निघते. शेवटी पाणी शुद्ध करणारे यंत्र सुरू करण्यासाठी कोणीतरी प्राणघातक किरणोत्सर्गाने भरलेल्या खोलीत जायला हवे असते. खेळाडूसोबत त्या वेळी फॉक्स नावाचा सहकारी असू शकतो, ज्याला किरणोत्सर्गाने काहीही होत नाही, आणि आधीच्या एका प्रसंगात त्याने अशाच खोलीतून वस्तू आणून दिलेली असते. तरीही त्याला आत जायला सांगितले की हे तुझे विधिलिखित आहे, ते मी हिरावून घेणार नाही, अशा अर्थाचे बोलून तो नकार देतो. लेखकाला नायकाचे बलिदान हवे होते हे समजते. परंतु गेमच्या जगाचे नियम खेळाडूने तासन्‌तास शिकलेले असतात, आणि लेखकाने स्वतःच ते मोडले की बलिदान पोकळ वाटते. २००९ मध्ये आलेल्या 'ब्रोकन स्टील' या पुरवणीने सहकाऱ्याला आत पाठवण्याची आणि शेवटानंतरही खेळत राहण्याची मुभा दिली.

हा सगळा पेच वेगळ्या प्रकाशात पाहायचा तर पेडणे महालात आणि पलीकडच्या सिंधुदुर्गात जत्रांच्या रात्री उभ्या राहणाऱ्या दशावतारी नाटकाची आठवण होते. त्यात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरते, भूमिका वाटल्या जातात आणि संवाद नट रंगमंचावर उभ्या उभ्या घडवतो; एखादा प्रवेश रंगला तर तो लांबतो, दोन नट एकमेकांना शब्दांत अडकवतात, प्रेक्षक मध्यरात्री ताजे होतात. मध्य असा मोकळा असतो आणि शेवट मात्र पुराणाने बांधलेला असतो: दैत्य मरणार हे पहिल्या रांगेतल्या लहान मुलालाही माहीत असते. तरीही पहाटे घरी जाताना कोणी फसल्याची भावना घेऊन जात नाही, कारण शेवट तुम्ही ठरवाल असे त्या मंडळींनी कधीच सांगितलेले नसते. शेवट ठरलेला असणे हा दोष नाही, हे यातून स्पष्ट होते. आरपीजीचा निर्माता मात्र जाहिरातीपासूनच खेळाडूला सांगत असतो की ही कथा तुझी आहे. एकदा हे वचन दिले की शेवटी पुराणाकडे बोट दाखवता येत नाही. ज्या निर्मात्यांना ठरलेला शेवटच सांगायचा आहे त्यांनी तो खुशाल सांगावा, पण वचन त्या मापाचे द्यावे.

वचन पाळण्याचा एक नाजूक प्रयत्न सीडी प्रोजेक्ट रेड या पोलंडमधल्या संस्थेच्या २०१५ मधल्या 'विचर ३' मध्ये दिसतो. गेराल्ट या नायकाने वाढवलेली सिरी शेवटी जगते की हरवते, आणि जगली तर कोणत्या वाटेने जाते, हे गेराल्ट तिच्याशी आधी कसा वागला यावर ठरते. ती खचलेली असताना त्याने तिला बर्फाचे गोळे फेकत खेळायला नेले का? जादूगारणींच्या सभेला तिला एकटीने जाऊ दिले का? तिच्या रागाला वाट दिली का? हे प्रसंग समोर येतात तेव्हा ते मोठे निर्णय वाटत नाहीत. एका वाढत्या मुलीवर विश्वास टाकायचा की तिला सतत पंखाखाली ठेवायचे, एवढाच साधा, घरगुती प्रश्न प्रत्येक वेळी असतो. काही खेळाडूंनी तक्रार केली की या क्षणांचे महत्त्व आम्हाला आधी सांगायला हवे होते. ती तक्रार मला पटत नाही. पालकाला कोणत्या संध्याकाळी काय बोललो ते पुढे महत्त्वाचे ठरणार आहे हे आधी कळत नसते, आणि हा शेवट पालकत्वाविषयीच आहे.

शेवटानंतरचा निरोप हा शेवटाचाच भाग आहे, ही गोष्ट निर्मात्यांना उशिरा उमगली. कथेचा कळस झाल्यावर माणसांजवळ थोडे बसायला मिळावे अशी इच्छा खेळाडूला असते, आणि 'शेवट आवडला नाही' या वाक्यामागे पुष्कळदा हीच अपुरी राहिलेली इच्छा असते. 'मास इफेक्ट ३' ला मार्च २०१३ मध्ये 'सिटाडेल' नावाची पुरवणी मिळाली, जिच्यात शेपर्ड आपल्या घरी सगळ्या सहकाऱ्यांना मेजवानी देतो. कथेच्या क्रमात ती शेवटाच्या आधी येते, तरी अनेक चाहते तिलाच खरा निरोप मानतात. लॅरियननेही नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस 'बाल्डर्स गेट ३' मध्ये सहा महिन्यांनंतरचा एक मेळावा जोडला. जुन्या तळावर सगळे पुन्हा जमतात, प्रत्येकजण आपले सध्याचे आयुष्य सांगतो आणि वाटेत भेटलेल्या लोकांची पत्रे वाचायला मिळतात. तुम्ही कधीकाळी सहज वाचवलेल्या माणसाचे पत्र तिथे हाती येते तेव्हा तो गेम तुम्हाला विसरलेला नाही हे कळते.

गोव्यात मराठीतून कथा लिहिणारी, नाटकाची संहिता हाताळलेली आणि संगणकावरही सहज काम करणारी मुले आज आहेत, आणि माझी मनापासून इच्छा आहे की त्यांच्यातून कोणीतरी आपल्या भाषेत असा गेम रचावा. त्यासाठी मोठ्या भांडवलाने सुरुवात करण्याची गरज नाही. ट्वाइन या विनामूल्य साधनात शाखा फुटणारी मजकुराची कथा घरच्या संगणकावर उभी करता येते. डिचोलीच्या त्या कल्पित गावाची कथा कोणी हातात घेतलीच, तर पहिला प्रवेश लिहिण्याआधी चतुर्थीचा तो शेवटचा प्रसंग तीन प्रकारांनी लिहून पाहावा: काका जेवायला बसला आहे, काका आलाच नाही, आणि काका आला आहे पण नायिकेशी बोलत नाही. मग मागे जाऊन, या तिन्हींपैकी प्रत्येक प्रसंग खरा वाटण्यासाठी नायिकेने आधी कोणत्या दिवशी काय केलेले असायला हवे, ते शोधून तिथे तिथे पेरावे. जे कुठेच पेरता येत नाही ते शेवटातून काढून टाकावे.